बाळाचा श्वास आणि ‘ई’ जीवनसत्त्व

‘ई’ जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि पेशींच्या आवरणात मुक्काम करते. जुने शेंगदाणे खवट होतात, तशीच क्रिया प्राणवायूमुळे फुफ्फुसातल्या मेदावरही होऊ शकते. ही क्रिया साखळीसारखी पुढे पसरते; अल्फा-टोकोफेरॉल हा ‘ई’चा प्रकार आपला एक हायड्रोजन अणू देऊन ती साखळी तोडतो. बाळातला ‘ई’चा साठा मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरीस वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो तुटपुंजाच. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये १९९७ पासून सुमारे २००० गर्भवतींचा मागोवा घेतला गेला. आहारात ‘ई’ कमी असलेल्या मातांच्या मुलांत पाचव्या वर्षी छातीतली घरघर आणि दमा जास्त दिसला. अर्थात, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. आहारातल्या तेलांतही फरक आहेच: करडई-सूर्यफुलात ‘ई’चा अल्फा प्रकार जास्त, सोयाबीनमध्ये गॅमा प्रकार.