खाडा न पडू देणारी तालीम

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतली तालीम पाडली. तिथे आता बहुमजली इमारत होणार, तळाला पार्किंग आणि वर जिम. ते दुःख मी गिळलंही असतं. पण त्याच आठवड्यात खांदा आखडलेला असताना जवळच्या एका जिममध्ये नाव घालायला गेलो आणि तिथला तरुण प्रशिक्षक फार अदबीने म्हणाला, "काका, आधी पूर्ण बरे व्हा, मग या." आखडलेला खांदा मोकळा व्हायला वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात आणि तो मोकळा होण्यासाठी हलवतच राहावा लागतो. व्यायामाच्या जागेने आजारी माणसाला दारातून परत पाठवावं, हे मला नवीन होतं.

तालमीतली माझी पहिली वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. अंगात जोम होता, जोर-बैठका होत होत्या, कधी दंडाला तर कधी पोटरीला लचक भरायची आणि आपोआप बरी व्हायची. धडधाकट माणसाच्या व्यायामाला इतिहास नसतो. माझा सुरू झाला 2006 साली, चिकनगुनियापासून.

1973 मध्ये बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. पुढे तीसेक वर्षं हा आजार लोकांच्या विस्मरणात गेला आणि 2006 मध्ये त्याने गावंच्या गावं अंथरुणाला खिळवली. ताप काही दिवसांत उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. मूठ वळेना, सकाळी चहाचा कप उचलवेना, घोटा टेकवेना. तापात हौद्यात पाय ठेवायचा नाही, हा आमच्या वस्तादांचा कडक नियम होता. नियम मोडणाऱ्या चांगल्या चांगल्या पोरांना त्यांनी बाहेर काढलेलं मी पाहिलं आहे. विषाणूच्या तापात शरीर ताणलं तर हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, हे मला फार पुढे एका डॉक्टरांकडून कळलं. पण ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी वस्तादांचा निरोप आला. जोर मारू नकोस, पण ये.

गेलो. त्यांनी हळद, तेल, ताक घालून मळलेली तांबडी माती माझ्या हातात दिली आणि मुठीत धरून दाबत राहायला सांगितलं. तेवढाच व्यायाम. काही आठवड्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून उभ्याने जोर, मग बाकावर, मग जमिनीवर. शेजारी पोरं घाम गाळत होती आणि मी माती दाबत होतो, पण हजेरीत माझं नाव होतं. त्या तालमीत खाडा धरला जायचा न येणाऱ्याचा, कमी करणाऱ्याचा नव्हे.

पुढे 2011 मध्ये कंबर धरली. मणक्यातली चकती सरकली होती. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं आणि वर व्यायाम जन्मभरासाठी विसरा म्हणाले. त्या सल्ल्याचा मला आजही राग आहे. साध्या कंबरदुखीत झोपून राहणाऱ्यांपेक्षा सोसेल तशी रोजची हालचाल चालू ठेवणारे लवकर सावरतात, हे हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासातून 1995 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. सोळा वर्षांनंतरही आमच्याकडे फळी आणि कमरेचा पट्टाच चालू होता. पाय लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं, यात वाद नाही. माझं तसं काही नव्हतं. फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंनी मला चालतं केलं आणि त्यांनी दिलेले व्यायाम मी तालमीच्या कोपऱ्यात करू लागलो. वस्तादांनी ते बाईंकडून स्वतः समजून घेतले. साठी उलटलेल्या पैलवानाने हे शिकून घ्यावं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

हे शहाणपण त्या काळात पुण्याच्या हवेतच होतं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार इथेच राहत होते. लहानपणी क्षयासह अनेक आजार भोगलेल्या या माणसाच्या स्कूटरला 1979 मध्ये ऐन साठीत अपघात झाला, मणक्याला मार बसला आणि हातची आसनं गेली. ती त्यांनी कित्येक वर्षं खपून परत मिळवली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने त्यांनी आसन आजारी माणसाच्या आवाक्यात आणलं. ऑगस्ट 2014 मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले. दोन वर्षांनी आमचे वस्ताद गेले आणि माझ्यापुरतं चिकनगुनियापासून सुरू झालेलं ते दशक संपलं.

त्यानंतरचं थोडक्यात. 2020 मध्ये टाळेबंदीत सगळं बंद झालं. राज्यातल्या व्यायामशाळा ऑक्टोबरात दसऱ्याला उघडल्या, आमची मात्र नीट उघडलीच नाही. 2024 मध्ये मुरलीकांत पेटकरांवर चित्रपट आला. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला सांगली जिल्ह्यातला हा जवान उपचार म्हणून पोहू लागला आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्याने पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. चित्रपट पाहून लोक भारावले. पण जायबंदी माणसाला पाण्यात उतरवण्याची तयारी आपल्या आजच्या किती व्यायामशाळांत आहे? भिंतीवर पिळदार दंडांचे फोटो आणि वर्षाची फी आगाऊ. आजारपणात ती फी वाया जाते आणि माणूसही तुटतो. एकदा तुटलेला बहुधा परत येत नाही.

पेठेतल्या पुनर्विकासाचे करार अजून व्हायचे आहेत, जिमचे परवानेही दर वर्षी निघत आहेत. ज्यांच्या हाती हे आहे त्यांना माझं मागणं एवढंच, की प्रत्येक व्यायामशाळेत एक कोपरा, दिवसातला एक तास आणि एक जाणता माणूस आजारातून उठणाऱ्यांसाठी राखून ठेवा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी महिनाभर व्यायामाला आलेलं नसेल, तर त्याला निरोप पाठवा.