वहीत लिहून नेतात, त्याचे पुढे काय होते?

वडवणी तालुक्यातले एक खेडे आहे, असे समजा. दिवाळी जवळ आली आहे. कापसाची पहिली वेचणी चालू आहे. काही घरांनी मुकादमाची उचल घेतली आहे. थोड्याच दिवसांत कोयते बाहेर निघतील आणि टोळ्या उसाच्या फडावर जातील.

दुपारच्या वेळी एका घराच्या ओसरीवर एक मुलगी येऊन बसते. खांद्याला पिशवी, हातात छापील कागद. ती घरच्या आजीला विचारू लागते.

"आजी, शेती किती आहे?"

"चार एकर. सगळी कोरडवाहू."

"यंदा काय पेरलंय?"

"दोन एकर कापूस, एक एकर सोयाबीन. राहिलेल्यात तूर आन् बाजरी."

"कर्ज आहे का? फवारणी कोणाला विचारून करता? नातवंडं शाळेत जातात का?"

विचारता विचारता अर्धा तास जातो. आजी उत्तरे देते. मग आजीच उलट विचारते, "बाई, मागं एक जण असाच येऊन लिहून घेऊन गेला. पुन्हा काही फिरकला नाही. तुम्ही एवढं लिहून नेता, त्याचं पुढं होतं काय?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण समजून घेऊ.

ही मुलगी कोण?

ही मुलगी शेतीचे शिक्षण घेणारी आहे. बारावीनंतर चार वर्षे शिकले, की शेतीची पहिली पदवी मिळते. त्यापुढे आणखी दोन वर्षे शिकले, की वरची पदवी मिळते. पण ही वरची पदवी नुसती पुस्तके वाचून मिळत नाही. एखादी गोष्ट स्वतः शोधून काढावी लागते. ती कशी शोधली आणि काय सापडले, ते सगळे लिहून काढावे लागते. त्या लिखाणाला 'प्रबंध' म्हणतात. शोधण्याच्या कामाला 'संशोधन' म्हणतात.

आपल्या मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ परभणीला आहे. ते १९७२ साली सुरू झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तिथे कोणी विद्यार्थी मातीवर संशोधन करतात, कोणी किडीवर, कोणी बियाण्यावर. काही जण 'विस्तार शिक्षण' हा विषय घेतात. त्यांचे शोधायचे रान म्हणजे शेतकऱ्याचे घर.

विस्तार शिक्षण म्हणजे काय? विद्यापीठात सापडलेली गोष्ट शेतकऱ्यापर्यंत नेणे, हा त्याचा एक भाग. शेतकऱ्याची अडचण विद्यापीठापर्यंत नेणे, हा दुसरा भाग. हा रस्ता दोन्ही अंगांनी चालता असावा लागतो. नुसते शिकवणारे आले आणि ऐकणारे कोणी नसले, तर रस्ता अर्धाच राहिला.

शितावरून भाताची परीक्षा

तुम्ही म्हणाल, गावात एवढी घरे आहेत. ही मुलगी दहा-बारा घरेच का विचारते? तेवढ्यावरून सगळ्या गावाचे कसे कळणार?

भात शिजला की नाही, हे घरची बाई कसे पाहते? सगळा भात दाबून पाहत नाही. चार शिते पाहते. पण ती शहाणी असते. वरवरची शिते घेत नाही. पळी तळापर्यंत घालते, भात हलवते आणि मग पाहते.

संशोधनातही तसेच करावे लागते. सडकेला लागून असलेली घरेच विचारली, तर वस्तीवरची, तांड्यावरची माणसे राहून जातात. मोठे शेतकरीच विचारले, तर दोन एकरवाला राहून जातो. गडीमाणसेच विचारली, तर बायांचे म्हणणे कळत नाही. म्हणून सगळ्या घरांची यादी करतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यातली काही घरे निवडतात. सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात. मग उत्तरे मोजतात. असे केले, म्हणजे थोड्या घरांवरून पुष्कळ घरांचा अंदाज बांधता येतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. शीतच खोटे निघाले, तर परीक्षाही खोटी ठरते.

शंभर वर्षांपूर्वीची मोजणी

हे काम आजचे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मॅन नावाचे इंग्रज प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावात त्यांनी शेतन् शेत आणि घरन् घर पाहिले. जुने कागदही तपासले. १९१७ साली त्यांनी तो हिशेब छापला. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराला सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. आणि तेवढीही एका जागी नव्हती, तुकड्या-तुकड्यांत होती.

जमीन वाटली जाते, हे तर प्रत्येक घराला ठाऊक होते. पण किती वाटली गेली, ते कोणी मांडून दाखवले नव्हते. आकडा पुढे आला आणि विचार करणे भाग पडले.

पुढच्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतीवर एक लेख लिहिला. त्यांनी प्रश्नाच्या मुळाला हात घातला. लोकांना शेतीवाचून दुसरे साधन नाही, म्हणून सगळा भार जमिनीवर पडतो, असे त्यांनी दाखवले. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, देशात उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असे त्यांचे सांगणे होते. वडवणीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शेतात भागत नाही आणि गावात दुसरे काम नाही, म्हणूनच तर दिवाळी झाली की कोयता उचलावा लागतो.

विचारले नाही तर काय होते?

आता उलट बाजू पाहू. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. लोक त्याला 'हायब्रीड' म्हणू लागले. दाणा भरघोस होता. दुष्काळी मुलखाला त्याचा मोठा आधार झाला. पण शेतकरी ज्वारीत नुसता दाणा पाहत नाही. तो कडबाही पाहतो. ताट ठेंगणे, म्हणून वैरण कमी पडे. परतीचा पाऊस लागला, की कणसावर बुरशी येई आणि दाणा काळा पडे. मालदांडीच्या भाकरीची चवही तिला नव्हती. या गोष्टी घरोघर बोलल्या जात होत्या. पुढे नवी वाणे काढताना कडब्याचा आणि बुरशीचाही विचार होऊ लागला.

दूर समुद्रापलीकडे फिलिपाइन्स नावाचा बेटांचा देश आहे. तिथली माणसे भात पिकवतात आणि भातच खातात. तिथे लॉस बान्योस गावी १९६० साली भातावर संशोधन करणारी मोठी संस्था निघाली. तिने १९६६ साली 'आयआर ८' हे वाण दिले. पीक खूप आले, पण तांदूळ खडूसारखा पांढुरका आणि जाडा. खाणाऱ्यांना तो आवडेना. मग पुढच्या वाणांत दाणा सुधारावा लागला. देश वेगळा, पीक वेगळे, पण धडा एकच. पिकवणाऱ्याला आणि खाणाऱ्याला विचारल्यावाचून काम पुरे होत नाही.

खरे सांगितले तर काय होते?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ बायांची गर्भाशये काढली गेली होती. घरात हे ठाऊक होते. बाया आपसांत बोलत. पण चारचौघांत बोलायची लाज वाटे. २०१९ साली सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. विधान परिषदेच्या उपसभापती तिच्या अध्यक्ष होत्या. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची विचारपूस झाली. त्यांतल्या १३,८६१ बायांवर ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे दर सहा बायांत सुमारे एक.

प्रत्येक बाईला वाटत होते, हे माझ्या एकटीचे नशीब. मोजल्यावर कळले, हे नशीब नव्हे. काम, दवाखाना आणि गरिबी यांचे हे कोडे आहे. बायांनी लाज बाजूला ठेवून खरे सांगितले, म्हणून ते उजेडात आले.

आता शाळेचे पाहू. "नातवंडं शाळेत जातात का?" या प्रश्नाला पुष्कळ जण "जातात" एवढेच सांगतात. पटावर नाव असते, म्हणून ते खोटेही नसते. पण दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पोर आईबापाबरोबर फडावर असते. तिथे ते धाकट्या भावंडाला सांभाळते, पाचट गोळा करते. परत येते तेव्हा पुढचे धडे होऊन गेलेले असतात. मग गुरुजी शिकवतात ते त्याला कळत नाही आणि हळूहळू शाळा सुटते.

"जातं, पण पाच महिने फडावर असतं," असे सांगितले, तर हिशेब बदलतो. या गावातली किती मुले या दिवसांत बाहेर जातात, ते कळते. किती मुलांसाठी हंगामी वसतिगृह लागेल, ते मांडता येते. आईबाप तोडीला गेले, तरी पोर गावात राहून दोन वेळ जेवावे आणि शिकावे, यासाठीच ती वसतिगृहे असतात. एका घरच्या अर्ध्या उत्तराने पोराची जागा कागदावरून पुसली जाते.

आपण काय करावे?

कोणी प्रश्न विचारायला आले, तर आधी आपण विचारावे. नाव काय, आलात कुठून, कशासाठी विचारता? ओळखपत्र पाहावे.

संशोधनाची वही म्हणजे योजनेचा अर्ज नव्हे. खरे सांगितल्याने अनुदान मिळत नाही आणि बुडतही नाही. म्हणून कर्ज लपवू नये, पीक वाढवून सांगू नये.

बँकेचा खातेक्रमांक, आधार क्रमांक किंवा फोनवर आलेला आकडा संशोधनाला लागत नाही. तो कोणी मागितला, तर देऊ नये. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

एखादे उत्तर द्यायचे नसेल, तर "हे मी सांगत नाही" असे म्हणावे. तो आपला हक्क आहे.

आणि शेवटी एक मागणे करावे. "सगळं लिहून झालं, की गावात या आणि काय निघालं ते आम्हाला सांगा." प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राहिला, तर अर्धा रस्ता चालून झाला. गावाने मागितले, तर उरलेलाही चालून होईल.

आजीने काय केले?

आता पुन्हा त्या ओसरीवर जाऊ. मुलीने हे सगळे आजीला समजावून सांगितले. मग ती कागद पिशवीत घालू लागली. आजी म्हणाली, "थांब. काय लिहिलंस ते दाव की."

आजी गेल्या वर्षापासून साक्षरतेच्या वर्गाला जाते. तिने कागद जवळ धरला आणि अक्षराला अक्षर जोडून वाचू लागली.

"नाव... बरोबर. वय... असंल तेवढं. जमीन, चार एकर... बरोबर. काम... घर...काम."

आजी थांबली. "घरकाम? पेरायला मी, खुरपायला मी, कापूस वेचायला मी. रात्री रानडुकरं हाकायलाबी मीच. आन् काम घरकाम?"

मुलगी ओशाळली. तिने पेन काढले, 'घरकाम' खोडले आणि पुढे 'शेती' असे लिहिले.

आजीने तो शब्दही वाचून पाहिला. मग म्हणाली, "आता ने."