भगिनीमंडळाची शिष्यवृत्ति

अमेरिकेंतील कॉलेजांत विद्यार्थिनींचीं जीं भगिनीमंडळें असतात, त्यांना तिकडे ‘सोरॉरिटी’ म्हणतात. ग्रीक वर्णमालेंतील दोन-तीन अक्षरें जोडून मंडळाचें नांव ठेवावयाचें, नव्या सभासदाला विधिपूर्वक प्रवेश द्यावयाचा, आणि एकदां भगिनी झालेली स्त्री जन्मभर भगिनीच मानावयाची, अशी त्यांची रीत आहे. यांतील पुष्कळ मंडळांचा वेळ संमेलनें आणि मेजवान्या यांतच जातो, हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु कांहीं मंडळांनीं आरंभापासून सेवेचें व्रत घेतलें, आणि त्या सेवेंत होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ति देण्याला मानाचें स्थान दिलें. कृष्णवर्णी विद्यार्थिनींनीं स्थापिलेलीं मंडळें यांत अग्रगण्य होत. गोऱ्या मुलींच्या मंडळांत त्यांना त्या काळीं थारा नव्हता.

वॉशिंग्टन शहरांत १८६७ सालीं स्थापन झालेलें हॉवर्ड विद्यापीठ हें या मंडळांचें माहेर. सेंट लुईची एथेल हेजमन ही मुलगी शिष्यवृत्ति मिळवून तेथें शिकावयास आली, आणि तिच्या पुढाकारानें १५ जानेवारी १९०८ रोजीं ‘अल्फा कप्पा अल्फा’ हें कृष्णवर्णी विद्यार्थिनींचें पहिलें मंडळ उभें राहिलें. पांच वर्षांनीं, १९१३ च्या जानेवारींत, २२ विद्यार्थिनींनीं ‘डेल्टा सिग्मा थीटा’ हें दुसरें मंडळ काढलें. दोन महिनेही लोटले नव्हते तोंच, ३ मार्च रोजीं, स्त्रियांच्या मताधिकारासाठीं वॉशिंग्टनमध्यें निघालेल्या मिरवणुकींत या मुली सामील झाल्या. त्यांच्या मंडळाचें तें पहिलें सार्वजनिक कार्य.

शिष्यवृत्ति काय करूं शकते आणि काय करूं शकत नाहीं, हें पाहावयाचें असेल तर सेडी टॅनर मोसेल हिचें चरित्र पाहावें. १९१५ सालीं ती फिलाडेल्फियांतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत दाखल झाली. वर्गांतील मुली तिच्याशीं बोलतसुद्धां नसत. अशा जागीं मोजक्या कृष्णवर्णी विद्यार्थिनींनीं १९१८ मध्यें डेल्टाची शाखा काढली, यांत नवल तें काय? पुढच्याच वर्षीं सेडी ही डेल्टाची पहिली राष्ट्रीय अध्यक्षा झाली. फ्रॅन्सिस सार्जंट पेपर यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळाल्यामुळें तिला अभ्यास पुढें चालवितां आला. दक्षिणेकडून पोट भरण्यासाठीं फिलाडेल्फियास आलेल्या शंभर कृष्णवर्णी कुटुंबांचें राहणीमान तिनें तपासलें, त्यावर प्रबंध लिहिला, आणि १९२१ सालीं अर्थशास्त्रांत डॉक्टर ही पदवी मिळविली. अमेरिकेंत हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी स्त्री.

आणि नोकरी? तिच्या विद्वत्तेला साजेसें काम त्या शहरांत कोणीं दिलें नाहीं. नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम येथें कृष्णवर्णी लोकांनीं चालविलेल्या एका विमाकंपनींत हिशेबतज्ज्ञाची दुय्यम जागा, एवढेंच हातीं लागलें. पुढें ती पुन्हा त्याच विद्यापीठांत गेली, कायद्याचा अभ्यास केला, आणि १९२७ मध्यें वकिलीची पदवी घेऊन बाहेर पडली. शिष्यवृत्तीनें मुलगी पदवीपर्यंत पोंचते. पदवीपलीकडचें दार बंद असलें तर शिष्यवृत्तीचा इलाज चालत नाहीं.

जन्मभराच्या सभासदत्वाचा उपयोग येथेंच होतो. कॉलेज सुटलें तरी मंडळ सुटत नाहीं. गांवोगांवच्या पदवीधर शाखांत शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, वकील एकत्र येतात, आणि शिष्यवृत्तीचा पैसा मुख्यतः त्याच उभा करतात. शिकलेल्या भगिनींच्या हातून किती काम होऊं शकतें, याचा एक दाखला फार बोलका आहे. १९३५ ते १९४२ या काळांत दर उन्हाळ्यांत अल्फा कप्पा अल्फाचें पथक डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखालीं मिसिसिपी संस्थानांत जाई आणि तेथील मुलांना देवी व घटसर्प यांच्या लशी टोंची. मळेवाले आपल्या मजुरांना दवाखान्यांत येऊं देईनात, तेव्हां या स्त्रियांनीं औषधें मोटारींत घातलीं आणि त्या थेट मळ्यांवर गेल्या.

वर्गणी गोळा झाली कीं वांटून टाकावयाची, ही शिष्यवृत्तीची सोपी पद्धति. तींत दोष असा कीं, एखादें वर्ष तंगीचें आलें म्हणजे त्या वर्षींच्या मुलीला कांहींच मिळत नाहीं. म्हणून मूळ निधि मोडावयाचा नाहीं व त्याच्या उत्पन्नांतून द्यावयाचें, ही दुसरी रीत निघाली. अल्फा कप्पा अल्फानें १९८० सालीं शैक्षणिक कार्यासाठीं स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केलें. त्याच्या शिष्यवृत्त्या दोन तऱ्हेच्या आहेत: एक गुणवत्तेसाठीं, दुसरी गरजेसाठीं. गुणवत्तेची शिष्यवृत्ति मिळाली कीं नांव होतें. गरजेच्या शिष्यवृत्तीनें शिक्षण तुटावयाचें वांचतें. दोहोंत दुसरीचें मोल अधिक धरावें लागेल, कारण पुष्कळ मुली परीक्षेंत नापास होऊन कॉलेज सोडीत नाहींत; खोलीचें भाडें आणि पुस्तकांचा खर्च यांनीं त्यांना सोडावें लागतें.

अर्जांत समाजसेवेची नोंदही विचारली जाते. सेवाव्रती मंडळानें तें विचारणें स्वाभाविक आहे. तथापि जी मुलगी रोज संध्याकाळीं दुकानांत काम करून घरीं पैसे पाठविते, तिला रविवारच्या सेवापथकांत जाण्यास सवड कोठून मिळावी? निवड करणाऱ्या समितीनें केवळ तास मोजले तर नेमकी तीच मागें पडेल.

तसाच दुसरा प्रश्न, शिष्यवृत्ति कोणाला द्यावी हा. केवळ सभासदांना द्यावी असें म्हटलें तर एक अडचण उभी राहते. मंडळांत शिरण्यालाच प्रवेशशुल्क आणि वर्गणी लागते. जिच्यापाशीं तेवढेंही नाहीं ती सभासद होत नाहीं, आणि सर्वांत गरजू मुलगी उंबऱ्याबाहेरच राहते. अल्फा कप्पा अल्फाच्या प्रतिष्ठानानें हा उंबरा काढून टाकला आहे. तेथें अर्ज करण्यास मंडळाचें सभासदत्व लागत नाहीं. भगिनींनीं जमविलेला पैसा मंडळाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळतो.