सर्व्हरची स्टार्टअप स्क्रिप्ट गप्प का बसते?

ॲमेझॉनने मुंबईनंतर (२०१६) आपला दुसरा भारतीय क्लाउड विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत सुरू केला. अंबरपेठेतील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकवर्गालाही आता जवळचा सर्व्हर भाड्याने घेता येतो. नव्या सर्व्हरने सुरू होताच करावयाची कामे ज्या फाइलीत लिहून देतात, ती स्टार्टअप स्क्रिप्ट होय. हाताने चालविली असता बिनचूक ठरणारी स्क्रिप्ट पुष्कळदा आरंभी चालतच नाही. सर्व्हर सुरू दिसतो, भाडे चढत राहते, तास वाया जातो.

उर्दू-मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी याचे एक कारण अवश्य तपासावे. अक्षरे टिकावीत म्हणून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करतात. विंडोजचे जुने नोटपॅड अशा फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालीत असे. २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत हा प्रकार आपोआप होत नाही. पण प्रयोगशाळेतले संगणक किती जुने असतात, हे शिक्षकांना सांगावयास नको! लिनक्सवरील क्लाउड-इनिट हा प्रोग्राम फाइलीची पहिली दोन चिन्हे ‘#!’ आहेत का, हे पाहतो. त्यांच्याआधी असे अदृश्य बाइट आले की ती फाइल स्क्रिप्ट म्हणून ओळखलीच जात नाही. 

लॉग फाइलींच्या निर्देशिकेत क्लाउड-इनिटच्या दोन फाइली असतात. त्या प्रथम वाचाव्यात. दुरुस्तीनंतर सर्व्हर नुसता पुन्हा सुरू करून भागत नाही. ॲमेझॉनवर लिनक्सची ही स्क्रिप्ट सामान्यतः पहिल्या आरंभीच चालते. म्हणून दुरुस्त फाइल नव्या सर्व्हरला द्यावी आणि जुना बंद करून काढून टाकावा.