मधली रेषा आधी

माइनक्राफ्ट या खेळातलं सगळं जग एक मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच ठोकळ्यांचं आहे. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ साली तो लोकांपुढे आणला आणि २०२३पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तो मोबाइलवरही चालतो, त्यामुळे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्थानक असलेल्या कसाऱ्यालाही तो लांबचा नाही. मुलं त्यात घरं, देवळं, किल्ले उभारतात आणि थोडा हात बसला की दोन्ही बाजू सारख्या असलेली इमारत बांधू पाहतात. मोठ्या माणसांना त्यात फार तर नीटनेटकेपणा दिसतो. खरं तर सममित इमारत बांधणं हा मुलाला मिळणारा नियोजनाचा पहिला खरा धडा असतो आणि तो समजून घेण्याची तयारी शहापूर-मुरबाडच्या मुलांच्या डोळ्यांत आधीपासूनच आहे.

धडा सुरू होतो सम आणि विषम आकड्यांपासून. समोरची भिंत तेरा ठोकळ्यांची असेल तर सातव्या जागी दार येतं, डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा ठोकळे उरतात. भिंत बारा ठोकळ्यांची घेतली तर मधोमध ठोकळाच नसतो. एकेरी दार कुठेही लावा, ते एका अंगाला सरकतं. मग जोडदार लावावं लागतं किंवा भिंत एका ठोकळ्याने वाढवावी लागते. हीच अडचण छपराच्या टोकाशी पुन्हा येते. रुंदी विषम असेल तर दोन्ही पाखं एका ठोकळ्यावर मिळतात, सम असेल तर दोन ठोकळ्यांचं सपाट आढं तयार होतं. म्हणजे छपराचं टोक कसं दिसणार हे पाया आखतानाच ठरलेलं असतं. पहिला ठोकळा ठेवण्याआधी मधली रेषा ठरवायची, मग रुंदी, मग दार, हा क्रम मुलाला कुणी पाठ करून देत नाही. चुकलं की सगळी भिंत पाडावी लागते आणि त्यातून तो अंगवळणी पडतो. पायरीचा ठोकळा आणखी एक गोष्ट शिकवतो. डावीकडे तोंड असलेली पायरी पलीकडच्या बाजूला उजवीकडे तोंड करून ठेवावी लागते, पण समोर तोंड असलेली पायरी दोन्हीकडे समोरच राहते. आरशात काय उलटतं आणि काय उलटत नाही, हा शाळेच्या भूमितीतला सममितीचा अक्षच आहे, फक्त इथे त्याच्याभोवती चालता येतं.

या भागातल्या मुलांना हे सगळं नवं नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत मधल्या ओळीत पंधरा आणि कडेच्या ओळीत आठ ठिपके काढले की षट्कोन होतो, एकूण ठिपके भरतात १६९. पंधरा हा आकडा आठाच्या दुपटीतून एक वजा केल्यावर येतो, म्हणूनच सहाही बाजू सारख्या होतात. ठोकळ्यांच्या खेळात असा सहा बाजूंचा नेमका आकार साधतच नाही. चौकोनी जाळी चार दिशांपुरतीच सममिती देते. रांगोळी काढणाऱ्या मुलीला ही मर्यादा पटकन दिसते. वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यातून तर याहून मोठी गोष्ट कळते. पालघाट देवीभोवतीच्या चौकटीत पट्टे, त्रिकोण, नागमोडी रेघा चारही अंगांना नेमाने फिरतात. चौकाबाहेरच्या भिंतीवर मात्र झाडं, नाचणारी माणसं, जनावरं मोकळी पसरलेली असतात. नेम कुठे पाळायचा आणि कुठे सोडायचा, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. खेळातली सममिती पोकळ आहे, कारण तिथे वजन नाही. वाळू आणि खडीसारखे थोडे ठोकळे सोडले तर बाकीचे हवेत तसेच लटकून राहतात. इकडच्या कुडाच्या, कौलारू घराला मात्र दोन पाखं असतात ती वासे आणि कौलं यांचा भार आढ्याच्या दोन्ही अंगांना सारखा वाटला जावा आणि कोकणातला पाऊस दोन्हीकडे निथळावा म्हणून. आक्षेप खरा आहे. पण म्हणून खेळ टाकाऊ ठरत नाही, मोठ्यांनी विचारायचा प्रश्न मात्र ठरतो: हे छप्पर खरं असतं तर उभं राहिलं असतं का? मुलाने खेळातलं घर आणि स्वतःचं घर शेजारी ठेवून पाहिलं की त्याला दिसतं, की मूळ घर दुपाखी आणि सारखं आहे, पण गोठा एकाच अंगाला जोडलेला आहे आणि पावसाच्या माऱ्याकडचं पाख खाली ओढलेलं आहे. वापर आणि हवामान यांनी मोडलेली ती सममिती आहे आणि ती मोडण्यामागे कारण आहे.

दुसरा आक्षेप असा, की खेळात अर्धी इमारत उचलून आरशासारखी उलटी उमटवणारा खास ठोकळा मिळतो. मग मुलाने केलं काय? माझ्या मते नवशिक्याने तो लगेच वापरू नये. हाताने दुसरी बाजू बांधतानाच पायऱ्यांच्या दिशा चुकतात आणि त्या चुकांतच शिकणं आहे. पुढे मोठा किल्ला बांधताना वाचलेला वेळ तपशिलाला देता येतो, तेव्हा तो जरूर वापरावा.

तिसरा आक्षेप कंटाळ्याचा आहे. सगळं सारखं असलं की इमारत निर्जीव वाटते, असं म्हणतात. कसाऱ्याहून लोकलने मुंबईला जाणाऱ्यांना याचं उत्तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर मिळतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली, १८७८ ते १८८७ या काळात बांधलेली ही इमारत मधल्या घुमटाभोवती दोन्ही अंगांना तोललेली आहे. पण प्रवेशाच्या दोन खांबांपैकी एकावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. खांब जुळे आहेत, प्राणी वेगळे, आणि एक ब्रिटनचा व दुसरा भारताचा म्हणून ते तिथे आहेत. आधी तोल भक्कम असल्यामुळेच हा फरक नजरेत भरतो. पसाऱ्यात ठेवलेला वाघ कुणाला दिसलाही नसता.

कसाऱ्याच्या मुलापुढे आणखी एक प्रश्न येतो, जो सपाट मैदानातल्या मुलाला पडत नाही. कसाऱ्यालगतच्या थळ घाटात रेल्वेची चढण ३७ फुटांना एक फूट इतकी आहे. तिथे गाड्यांना वर चढायला जादा इंजिनं लावावी लागतात. अशा उतारावर सममित घर बसवायचं कसं? खेळात डोंगर कापून सपाट करणं सोपं असतं आणि बहुतेक मुलं तेच करतात. त्यापेक्षा मधली रेषा उताराच्या दिशेने वर-खाली घ्यावी, म्हणजे डावी आणि उजवी बाजू सारख्याच उंचीवर येतात आणि घर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतं. ओटी खाली, स्वयंपाकघर वर. हीच रेषा उताराला आडवी घेतली तर एका अंगाला उंच जोतं येतं आणि दुसरं अंग जमिनीत रुततं. दोन्ही आराखडे चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढून पाहता येतात, त्यासाठी मोबाइल लागत नाही. ज्या पाड्यावर एकच मोबाइल चार मुलांत फिरतो, तिथे ही वही आधी आणि खेळ नंतर असाच क्रम ठेवावा.