एच.आय.व्ही. संसर्गाची गती आणि मानवी जनुके

एच.आय.व्ही.चा संसर्ग झालेल्या, परंतु औषधोपचार न मिळालेल्या व्यक्तीस एड्सची अवस्था प्राप्त होण्यास सरासरीने सुमारे १० वर्षे लागतात. ही सरासरी मात्र बरीच फसवी आहे. काही जण दोन-तीन वर्षांतच खालावतात. उलट, शंभरात एकाहूनही कमी, असे काही आढळतात की, ज्यांच्या रक्तात औषधावाचून वर्षानुवर्षे हा विषाणू नेहमीच्या चाचणीस सापडण्याइतकाही वाढत नाही. एकाच विषाणूच्या वाटचालीत एवढे अंतर का पडावे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांत आहे, हे आता निर्विवाद झाले आहे.

प्रथम प्रवेशाचा विचार करावयास हवा. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरील सीडी४ या प्रथिनाबरोबर आणखी एका प्रथिनाचे साहाय्य लागते. बहुधा ते सीसीआर५ हे असते. विषाणूशी वारंवार संपर्क येऊनही ज्यांना संसर्ग होत नाही, अशा काही व्यक्तींच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रतींतून ३२ आधारक-जोड्या गळालेल्या आहेत, असे १९९६ मध्ये आढळून आले. एकाच प्रतीत ही गळती असल्यास संसर्ग टळत नाही, परंतु रोग मंदगतीने वाढतो. टिमोथी रे ब्राउन या रुग्णावर रक्ताच्या कर्करोगासाठी बर्लिन येथे २००७ मध्ये अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण झाले, तेव्हा दाता मुद्दाम याच गळतीचा निवडला होता. ब्राउन यांचा एच.आय.व्ही. संसर्ग त्यानंतर नाहीसा झाला. (२०२० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो कर्करोग उलटल्यामुळे.) हे उदाहरण फार गाजले, पण उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांतही दोन्ही प्रतींत गळती असणारे शंभरात एखादेच असतात आणि भारतात व आफ्रिकेत ही गळती क्वचितच आढळते. तेव्हा जगातील बहुसंख्य रुग्णांमधील फरकाचा उलगडा तिने होत नाही.

तो शोधण्यासाठी सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांकडे वळावे लागते. ‘रोगप्रतिकार’ या शब्दाने तटबंदी आणि हल्ला यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, परंतु येथे जे घडते ते वाचनाच्या अधिक जवळचे आहे. प्रत्येक पेशी आपल्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे करते. त्यांपैकी काही, बहुधा आठ ते दहा ॲमिनो अम्लांचे, तुकडे एचएलए रेणूच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मारक टी-पेशी ते तुकडे जणू वाचतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी नष्ट करतात. कोणता तुकडा खाचेत बसेल हे खाचेच्या घडणीवर अवलंबून असते, आणि ही घडण माणसामाणसांत कमालीची भिन्न आहे. एचएलए-बी या एकाच जनुकाचे हजारो पाठभेद ज्ञात आहेत. अर्थात एकाच विषाणूतील निरनिराळे उतारे निरनिराळ्या माणसांच्या पेशी वाचावयास देतात.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात विषाणूवर स्वतः नियंत्रण ठेवणाऱ्या सुमारे एक हजार व्यक्तींची तुलना, ज्यांचा रोग वाढत गेला अशा अडीच हजारांहून अधिक व्यक्तींशी करण्यात आली. संपूर्ण जनुकसंचय धुंडाळूनही लक्षणीय ठरलेले तीनशेहून अधिक फरक सर्वच्या सर्व एचएलए जनुकांच्या परिसरातच सापडले. आणि त्यांचे मूळ शोधता प्रामुख्याने एचएलए-बी रेणूच्या खाचेतील मोजकी ॲमिनो अम्ले, विशेषतः ९७व्या स्थानावरील, हाती लागली.

खाचेतील एका ॲमिनो अम्लाने एवढे काय साधावे? बी*२७ या प्रकाराचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. बी*२७ विषाणूच्या कवचाच्या प्रथिनातील दहा ॲमिनो अम्लांचा एक विशिष्ट तुकडा पृष्ठभागावर आणतो. तो तुकडा त्यातील आर्जिनिन या अम्लाच्या आधारे खाचेत अडकतो. आर्जिनिनच्या जागी लायसिन आल्यास पकड सुटते आणि विषाणू नजरेआड होतो. परंतु त्या बदलाने कवचच बिघडते व विषाणूची वाढ खुंटते. निसटावयाचे तर प्रथिनात अन्यत्र आणखी एक भरपाईचा बदल घडवावा लागतो, आणि हा योग जुळून येण्यास बहुधा अनेक वर्षे जातात. तो जुळला की मात्र अशा रुग्णाचाही रोग बळावतो. बी*५७ची रीतही अशीच आहे. त्याला चुकविण्यासाठी विषाणूने केलेला एक बदल, तो विषाणू बी*५७ नसलेल्या व्यक्तीत गेल्यावर पुन्हा मूळ रूपावर येतो. त्या बदलाची किंमत विषाणूस किती जड जाते याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. बी*३५च्या काही उपप्रकारांत उलट स्थिती आहे. त्यांत रोग त्वरेने वाढतो. तसेच एचएलए जनुकांच्या दोन्ही प्रती एकसारख्या असल्यास वाचता येणारे उतारेच कमी होतात, आणि अशा व्यक्तींत रोगाची गती अधिक असते हे १९९९ मध्ये दाखविले गेले.

तथापि ‘चांगले जनुक’ ही भाषा जपून वापरावयास हवी. बी*५७ असूनही रोग वाढलेले अनेक जण आहेत, आणि तो नसूनही विषाणू आवरणारे आहेत. ज्ञात जनुकीय फरकांनी रक्तातील विषाणूच्या प्रमाणातील तफावतीचा फार तर एक चतुर्थांश भाग उलगडतो. आजची औषधे तर एचएलएचा प्रकार कोणताही असो, विषाणूस दाबून ठेवतात; जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून, व भारताने २०१७ पासून, प्रत्येक संसर्गितास उपचार देण्याचे धोरण स्वीकारले आहे. शिवाय बी*२७ हाच प्रकार पाठीचा कणा आखडविणाऱ्या एका संधिविकाराशी निगडित आहे.

बी*५७:०१ची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. एच.आय.व्ही.वरील अबाकाविर हे औषध याच रेणूच्या खाचेत जाऊन बसते, त्यामुळे पेशीचे स्वतःचेच काही वेगळे तुकडे पृष्ठभागावर येऊ लागतात, आणि टी-पेशी त्यांना परके समजून तीव्र, प्रसंगी प्राणघातक, प्रतिक्रिया घडवून आणतात. हा संबंध २००२ मध्ये उघडकीस आला. औषध देण्यापूर्वी जनुकाची तपासणी केल्यास ही प्रतिक्रिया टाळता येते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. भारतातील काही समाजगटांत बी*५७:०१ मुळीच विरळा नाही. यास्तव येथे अबाकाविर देताना ही तपासणी वगळणे धोक्याचे ठरते.