तोफ कोणाची? रायगड किनाऱ्यावरील जुनी युद्धसामग्री : गैरसमज आणि वस्तुस्थिती

थळसमोरच्या खांदेरी-उंदेरीपासून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत आणि रेवदंड्याजवळच्या कोर्लईपासून मुरुडच्या जंजिऱ्यापर्यंत रायगड किनाऱ्यावरील तटांवर, बुरुजांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या झाडोऱ्यात आजही जुन्या तोफा आहेत. त्या कोणाच्या आणि त्यांचे जतन कसे करावे, या दोन्ही प्रश्नांवर ठाम मते पुष्कळ ऐकू येतात. परंतु त्यांतील बरीच मते कायद्याच्याही आणि धातूच्या गुणधर्मांच्याही विरुद्ध जातात, आणि तोफांचे अनेकदा नुकसान होते ते या चांगल्या हेतूच्या अज्ञानामुळेच.

पहिला गैरसमज असा की, किल्ला ज्या घराण्याचा होता त्याच्या वंशजांकडे किंवा किल्ल्याखालच्या गावाकडे तोफांची मालकी परंपरेने येते. वस्तुस्थिती अशी की, तोफ ही राजाची खासगी चीजवस्तू नसून राज्याची युद्धसामग्री होती आणि राज्य ज्याच्याकडे गेले त्याच्याकडेच तीही गेली. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान औरस वारस नसल्याचे कारण सांगून इंग्रजांनी १८४० च्या सुमारास खालसा केले, तर सिद्दींचे जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांची खासगी मालमत्ता आणि संस्थानाची सार्वजनिक मालमत्ता यांची विभागणी करण्यात आली आणि सार्वजनिक मालमत्ता शासनाकडे आली. वंशजांचा आणि गावकऱ्यांचा जिव्हाळा खरा आहे, आदरास पात्र आहे, परंतु तो मालकीहक्क नव्हे.

दुसरा गैरसमज काळाविषयीचा आहे. गडावरील प्रत्येक तोफ शिवकालीन किंवा आंग्रेकालीन मानली जाते आणि त्या समजुतीवरच पुढे हक्काचे वाद उभे राहतात. कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा पर्यटक आंग्र्यांच्या म्हणून पाहतात. मात्र त्यांवर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील लो मूर लोखंड कारखान्याचे नाव कोरलेले आहे. हा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले होते, तेव्हा या तोफा कान्होजींनी पाहिलेल्या असणे शक्यच नाही. यामुळे त्यांचे मोल उणावत नाही, उलट मराठ्यांच्या आरमारी ठाण्यावर पुढे इंग्रजी सत्ता कशी बसली याचा तो लोखंडी पुरावा ठरतो. तोफेच्या अंगावरील खुणा वाचता येणे म्हणूनच अगत्याचे आहे. तोफ गाड्यावर तोलून धरण्यासाठी तिच्या दोन्ही अंगांना जे आखूड आडवे दांडे असतात, त्यांच्या टोकांवर अनेकदा कारखान्याची खूण असते; मागच्या भागावर राजचिन्ह किंवा कंपनीचे चिन्ह असते; आणि इंग्रजी तोफांवर तीन गटांत कोरलेले आकडे आढळतात, ज्यांना पुष्कळ जण साल किंवा अनुक्रमांक समजतात, पण ते वजन असते. उदाहरणादाखल, एखाद्या तोफेवर १७-२-१४ असे आकडे असतील तर त्यांचा अर्थ १७ हंड्रेडवेट, २ क्वार्टर आणि १४ पौंड असा होतो. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड आणि एक क्वार्टर म्हणजे २८ पौंड, या हिशेबाने ती तोफ १९७४ पौंडांची, म्हणजे सुमारे ८९५ किलोंची ठरते. जंजिऱ्याच्या प्रसिद्ध कलालबांगडीविषयी ती पंचधातूची असल्याचे सर्रास सांगितले जाते. परंतु घडीव लोखंड, बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि तांबे व कथील यांच्या मिश्रणाचे कांस्य हे तोफांचे नेहमीचे धातू होत, आणि कोणत्याही तोफेचा धातू परीक्षणाशिवाय नुसत्या नजरेने ठरवता येत नाही.

‘ज्याला सापडली त्याची’ हा तिसरा समजही तितकाच चुकीचा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यात जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू निखात निधी, म्हणजे पुरलेले धन, मानलेली आहे आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. मूळ मालकाचा दावा टिकण्यासाठी ती वस्तू सापडण्यापूर्वीच्या शंभर वर्षांच्या आत पुरली गेलेली असावी लागते, त्यामुळे दोनअडीचशे वर्षे मातीत असलेल्या तोफेवर कोणाचाही वारसा या कायद्याने चालत नाही. किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाबाबत तर राज्यघटनेचा अनुच्छेद २९७ स्पष्ट आहे : प्रादेशिक जलधीखालील मौल्यवान वस्तू संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, ठरतात. खांदेरी-उंदेरीच्या परिसरात १६७९ पासून आरमारी लढाया झाल्या, तेव्हा जाळ्याला लागलेली तोफ किंवा तोफगोळा मच्छीमाराने घरी न नेता कळवणे आवश्यक आहे.

चौथा गैरसमज सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या मुळाशी प्रेम असते : तोफ उचलून गावच्या चौकात, शाळेपुढे किंवा कार्यालयाच्या दारात ठेवली म्हणजे ती वाचली. वास्तविक तोफ कोणत्या बुरुजावर, कोणत्या दिशेला तोंड करून आणि कोणत्या तोफांच्या सोबतीने होती, यांवरून किल्ल्याची युद्धरचना कळते, आणि जागा बदलताच तो पुरावा नाहीसा होतो. कुलाबा आणि जंजिरा हे राष्ट्रीय संरक्षित किल्ले असल्याने १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार तेथून असे अवशेष हलवणे हा दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही यांस पात्र असलेला गुन्हा आहे.

जतनाच्या बाबतीत तैलरंगाचा जाड हात देणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे आणि तोच सर्वांत हानिकारक आहे. खाऱ्या हवेत किंवा खाऱ्या चिखलात शतकभर राहिलेल्या बिडाच्या आत समुद्राचे क्षार मुरलेले असतात. वर रंग चढवला तरी आतील क्षार आणि ओलावा गंज वाढवतच राहतात आणि काही काळाने रंगासकट लोखंडाचे पापुद्रे सुटतात. पाण्यात फार काळ राहिलेल्या बिडातील लोखंड झिरपून गेले तर मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो, ज्याचा आकार तोफेचाच दिसतो पण जो चाकूने कापता येईल इतका मऊ असतो, आणि अशी तोफ पाण्याबाहेर काढून नुसती उन्हात वाळवली तर ती तडकते. तिच्यावरचा योग्य उपचार दीर्घकाळाचा आहे : तिला अल्कधर्मी द्रावणात बुडवून, गरजेप्रमाणे मंद विद्युतप्रवाह देऊन, समुद्राचे क्षार काही महिने किंवा काही वर्षे बाहेर काढावे लागतात, त्यानंतर टॅनिक आम्लाचा आणि शेवटी मेणाचा थर द्यावा लागतो. हे काम प्रशिक्षित संवर्धकाचेच आहे. स्वयंसेवकांनी श्रम जरूर द्यावेत, पण तारेचा ब्रश आणि रंगाचा डबा घरी ठेवावा.

शासनाकडे मालकी आहे म्हणजे जतन आपोआप होते, असे मात्र मुळीच नाही. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत रायगड जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे दोन आहेत. त्यांपैकी रायगड केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, आणि याच खांदेरीवर १८६७ पासूनचे दीपगृहही आहे. जेथे एकाहून अधिक यंत्रणांचा संबंध येतो तेथे प्रत्येक तोफेची क्रमांकनिहाय, छायाचित्रासह नोंद कोणी ठेवावी हे आधी ठरले पाहिजे, कारण जिची नोंद नाही अशी तोफ नाहीशी झाली तर तक्रारीलाही आधार उरत नाही.

कोणतीही जुनी युद्धसामग्री कायद्याने सुरक्षित आहे, हा शेवटचा समज तोफांपेक्षा विमानांच्या आणि जहाजांच्या बाबतीत अधिक महाग पडला आहे. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून कमी वयाच्या वस्तूला पुरावशेष मानत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची डी.एच.९ जातीची बॉम्बफेकी विमाने बिकानेर संस्थानाकडे आली होती. त्यांतील एक बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात पाहायला मिळते, तर हत्तीखान्यात पडलेले सांगाडे शंभरी भरण्याआधीच ब्रिटनमध्ये विकत नेले गेले, आणि त्यांतून उभे केलेले एक विमान २०१९ मध्ये तेथे पुन्हा उडाले. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू विक्रांत १९९७ मध्ये सेवामुक्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि तिला वाचवण्यासाठीची जनहित याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर २०१४ मध्ये भंगारात तोडली गेली. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात पाहता येतात, पण ती उभी राहिली नौदलाने संग्रहालय उभारले म्हणून. कायद्याचा त्यात काही वाटा नाही. शंभर वर्षांची ही अट विसाव्या शतकातील युद्धसामग्रीसाठी बदलणे निकडीचे आहे.

किनाऱ्यावर भटकताना मातीत किंवा पाण्यात तोफ आढळल्यास तिला हलवू नये, घासू नये आणि तिच्यावर बसून छायाचित्रे काढू नयेत. तोंडाची दिशा दिसेल असे छायाचित्र घ्यावे, लांबी आणि तोंडाचा व्यास मोजावा, खुणा जशा दिसतील तशा उतरवून घ्याव्यात आणि ही माहिती तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व विभाग यांना लेखी देऊन तिची पोच घ्यावी.